माशाखालचा शब्द

दिनांक पाच जानेवारी. रक्कम अठरा हजार चारशे रुपये. हजर: शाळेचे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, माझी बायको आणि मी. व्हरांड्याची भिंत शेहेचाळीस फूट लांब, दहा फूट उंच. चौरस फुटाला चाळीस रुपये, रंग आमचा. टेपचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं अध्यक्षांनी, त्यामुळे आकड्यावरून पुढे कधीच वाद झाला नाही. वाद झाला तो एका शब्दावरून.

शाळा वडनेरच्या पलीकडच्या एका खेड्यातली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना पुन्हा त्रास नको.

मी वर्ध्यात राहतो, एका कापसाच्या जिनिंगचे हिशेब लिहितो. बायको बोलक्या भिंती रंगवते. पाढे, बाराखडी, शरीराचे अवयव, सूर्यमाला, जे शाळा सांगेल ते. हे काम तिच्याकडे वडिलांकडून आलं. ते कारंज्याला हायवेवर ट्रकच्या मागची अक्षरं आणि धाब्यांचे बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स आले आणि त्यांचं काम बसलं, पण मुलीचा हात तोवर तयार झाला होता. वडिलांची एक सवय तिने तशीच ठेवली आहे: काम संपलं की उजव्या कोपऱ्यात खाली नाव आणि मोबाइल नंबर. पुढचं काम त्या नंबरावरच येतं. दुसरी जाहिरात आम्ही कधी केली नाही.

या शाळेच्या मुख्याध्यापकांना नेहमीची सूर्यमाला नको होती. ते वाचणारे गृहस्थ. गावातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, म्हणून भिंतीवर समुद्र हवा, असं त्यांचं म्हणणं. तेही साधा समुद्र नाही. चार-साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपात प्राणिशास्त्राची मोठमोठी पुस्तकं छापली, त्यांत समुद्रातल्या राक्षसांची चित्रं आहेत. ती काढणाऱ्या बऱ्याच जणांनी तो प्राणी पाहिलेलाच नव्हता. खलाशाने सांगितलं, दुसऱ्याने ऐकलं, तिसऱ्याने लिहून पाठवलं आणि चौथ्याने काढलं. सरांनी अशा सात चित्रांच्या झेरॉक्स आणल्या होत्या. प्रत्येक जुन्या चित्राशेजारी खरा प्राणी काढायचा, म्हणजे मुलांना कळेल की न पाहता काढलं की काय होतं.

कल्पना मला आवडली. बायकोलाही आवडली, पण तिला वेगळीच शंका होती. "सर, समुद्र तं म्याबी नाई पाह्यला."

"मग तर तुम्ही त्या चित्रकारांच्या जवळच्याच," सर हसून म्हणाले.

पुढे या वाक्याचं कुणालाच हसू येणार नव्हतं.

काम सुरू झालं. मी रविवारी जाऊन तिची चढायची लाकडी घोडी धरायचो, प्रायमर ढवळायचो. जहाजाला विळखा घातलेला सर्प आधी झाला. मग देवमासा. जुन्या चित्रातल्या देवमाशाला रानडुकरासारखे सुळे होते, पुढे पंजे होते आणि डोक्यावर दोन नळांतून पाणी उडत होतं. शेजारी बायकोने खरा देवमासा काढला, गुळगुळीत आणि मोठा. पोरांना अर्थातच सुळेवाला आवडला. त्या काळच्या विद्वानांची अशी समजूत होती की जमिनीवर जे जे आहे त्याचा जोडीदार समुद्रात असतोच. म्हणून समुद्री घोडा, समुद्री गाय, समुद्री सिंह, समुद्री डुक्कर. डुकराचं चित्र पाहायला गावातली माणसं मुद्दाम यायची.

"समुद्रातही रानडुक्कर?" समितीचे अध्यक्ष म्हणाले. "तिथं कोणाची तूर खाते?"

सातवं चित्र मात्र एकटं होतं. उभा मासा, अंगाला खवले, खाली शेपटी. पण वर माणसाचा चेहरा, डोक्याचा चकोट, आणि खांद्यावरून खाली उतरणारं एक मोठं वस्त्र. सर म्हणाले, उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावर खरंच काहीतरी सापडलं होतं म्हणतात, ते काय होतं हे आजवर कुणाला नक्की सांगता आलेलं नाही. कुणी माकूळ, म्हणजे स्क्विड, म्हणतं, कुणी चपट्या अंगाचा शार्क, कुणी सील. म्हणून शेजारी खरा प्राणी काढायचा नाही. इंग्रजी नावाचं मराठी सरांनी शब्दकोशात पाहून दिलं: समुद्री भिक्षू.

बायकोने ते अक्षर तिच्या उत्तम हाताने काढलं, बापाच्या वळणाचं, काळ्या छायेसकट. खाली उजवीकडे नाव आणि नंबर.

ज्यांना वर्धा जिल्हा ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी लिहितो. आमच्याकडे भिक्षू हा पुस्तकातला शब्द नाही. गावोगावी विहार आहे, पावसाळ्यातल्या वर्षावासात भंतेजी, म्हणजे भिक्षू, येतात, घरोघरी त्यांना भोजनदान असतं. त्या गावात निम्मी वस्ती बौद्धांची. आम्ही दोघं त्या समाजाचे नाही. शाळेतली निम्मी मुलं ज्या माणसासमोर पंचांग प्रणाम करतात, त्याला कंबरेखाली शेपटी लावून, डुकराच्या शेजारी, राक्षसांच्या रांगेत आम्ही उभं केलं होतं. आणि त्याच्याच शेजारी खरा प्राणी नव्हता. बाकी सगळी चित्रं खोटी, हे एकच जणू खरं, असा त्याचा अर्थ होत होता. सरांच्या लक्षात आलं नाही, अध्यक्षांच्या आलं नाही, आमच्याही आलं नाही.

भिंतीचं उद्घाटन सव्वीस जानेवारीला व्हायचं होतं. त्याच्या दोन दिवस आधी, मी जिनिंगमध्ये असताना, बायकोचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

"व्हिडिओ पाह्यला का?"

"कसला?"

"मोबाइलवर आलाय. भित बी हाय त्याच्यात, मायं नाव बी हाय, नंबर बी हाय."

मी पाहिला. अर्ध्या मिनिटाचा. कॅमेरा चेहऱ्यावरून वस्त्रावर, वस्त्रावरून शेपटीवर, तिथून शब्दावर आणि शेवटी कोपऱ्यातल्या नावावर येऊन थांबत होता. खाली लिहिलं होतं: शाळेत भंतेजींचा अपमान, जबाबदार कोण? जबाबदाराचा नंबर चित्रातच होता.

दुपारपर्यंत फोन थांबेना. काही जण शिव्या देत होते. काही जण फक्त विचारत होते आणि ते ऐकणं जास्त जड होतं. एक बाई म्हणाली, "ताई, तुमचं काय वाईट केलं होतं आमी?" बायकोने उत्तर द्यायच्या आत फोन बंद झाला. एका माणसाने ती कोणत्या आळीत राहते तेही सांगितलं. मी घरी आलो तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती आणि फोन तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवलेला होता. वाजला की डब्याचं झाकण थरथरायचं.

संध्याकाळी कारंज्याकडच्या शाळेचा फोन आला. फेब्रुवारीत तिथली भिंत ठरली होती. "मॅडम, आपलं पुढल्या वर्षी पाहू." पाठोपाठ हिंगणघाटच्या एका शाळेने तेच सांगितलं, फक्त शब्द वेगळे. भिंतींचं काम ऐकीव नावावर चालतं. हे नाव एकदा असं फिरलं की जिल्ह्यातली कुठलीच शाळा तिला भिंत देणार नव्हती. ती दुसरं काही करत नाही, आणि करायची तिची इच्छाही नाही.

मग मुख्याध्यापकांचा फोन आला. ते घाबरले होते, आवाजावरून कळत होतं. "सकाळी लोक येणार आहेत. तुम्ही त्याआधी या आणि सगळी भिंत पांढरी करून टाका. चुन्याचे पैसे मी देतो."

फोन स्पीकरवर होता. बायको म्हणाली, "सर, लोक आल्यावर येतो मी. आंधी नाई."

"अहो, लोक चिडले आहेत!"

"म्हणूनच. आंधी पुसलं तं मी मुद्दाम केलं होतं असंच होईल. मंग जल्मभर तेच राहील."

मला सरांचं म्हणणं पटत होतं, खरं सांगायचं तर. मी म्हणालो, चुना लावू, माफी मागू, घरी येऊ. ती म्हणाली, "तुमी घोडी धराले या. बोलू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. शाळेच्या आवारात तीस-चाळीस माणसं. बाया एका बाजूला, पांढऱ्या साड्या नेसलेल्या काही म्हाताऱ्या पुढे. काही तरुण व्हरांड्याच्या पायऱ्यांवर. पोरांना वर्गात बसवून कड्या लावल्या होत्या, खिडक्यांच्या गजांतून त्यांची बोटं दिसत होती. सर त्यांच्या खोलीच्या दारात उभे होते, ना आत ना बाहेर. कुणी ओरडत नव्हतं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष पुढे आले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, साठीच्या पुढचे. गावात सगळे त्यांना काका म्हणतात.

"तुमीच का पेंटर?"

"हो काका."

"हे काऊन लिवलं?"

बायको चालत गेली आणि त्या पांढऱ्या साडीतल्या बायांच्या रांगेत, त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिथून तिने भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एक तरुण मोबाइल वर धरून शूटिंग करत होता, तो म्हणाला, "नाटक कायले करून राह्यल्या, मॅडम? बोला ना."

"पाहू दे तिले," एक म्हातारी म्हणाली.

मग बायको म्हणाली, "इथून पाह्यलं तवा दिसलं. घोडीवर चढून काढलं तं फक्त रेघा दिसते. आजी, वस्त्राचा रंग म्या देला. झेरॉक्स काळी-पांढरी होती. खाली भिक्षू लिवाचं होतं म्हणून मले भंतेजीचं चिवर वाटलं, अन् म्या तोच रंग घातला. तो रंग कोणी नोता सांगतला. तो माया."

मला तिथेच उमगलं आणि घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही. त्या जुन्या पुस्तकांतही हेच झालं असणार. कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी आलं. कुणाला तरी त्याचं डोकं चकोट वाटलं, म्हणून मठातल्या माणसाचं नाव पडलं. नाव पडल्यावर चित्रकाराने त्याला झगा घातला. झगा दिसल्यावर पुढच्या पुस्तकवाल्याला चेहराही दिसू लागला. शेवटी मासा कुठेच उरला नाही. माझ्या बायकोने तेच केलं होतं, फक्त आपल्या गावातलं वस्त्र घालून.

"म्हणजे चूक कबूल," शूटिंगवाला म्हणाला.

"रंगाची, हो. शब्द..." ती थांबली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने सरांकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. सर दाराची चौकट धरून उभे होते. त्यांची चौकशी होऊ शकत होती, बदली होऊ शकत होती, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. त्यांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर आम्हाला काही करता आलं नसतं. शब्द तर तिच्या अक्षरात भिंतीवर होता. मला आठवतं, त्या वेळी मी घोडीचा पाय इतका घट्ट धरला होता की तळव्यावर लाकडाचा वळ उठला.

"शब्द मी दिला," सर म्हणाले. "शब्दकोशात पाहून दिला. त्यांना मीच लिहायला सांगितलं."

काका वळले. "काय पाह्यलं तुमी शब्दकोशात?"

"इंग्रजीत मंक आहे. मराठीत भिक्षू."

"त्या टायमाले त्या देशात आपले भिक्षू होते का?"

"नाही. तिथले मठवासी. चर्चचे."

"मंग सर," काका शांतपणे म्हणाले, "माणूस त्यायचा, मासा त्यायचा, पुस्तक त्यायचं, अन् नाव आमच्या भंतेजीचं?"

सरांनी दाराची चौकट सोडली.

"पुसा," पायऱ्यांवरून आवाज आला. "सगळीच भित पुसा."

"थांब बे," काका म्हणाले. "पोरं पाहून राह्यले." आणि बायकोला, "शब्द आत्ता जाईल?"

"आत्ता जाईल. पण मोकळी जागा ठेवली तं इथं काय होतं हे सारं गाव सांगत राहील. दुसरं नाव लिवाले पाह्यजे."

"समुद्री साधू लिव्हा," शाळा समितीचे अध्यक्ष घाईने म्हणाले.

"काऊन? आता आमच्यावर का?" भजनी मंडळाचा एक जण मागून ओरडला. दोन-चार जण हसले, मग एकदम थांबले.

"पाद्री मासा लिव्हा ना, पाद्री गावात एक बी नाई," दुसरा म्हणाला.

बायको म्हणाली, "जो इथं नाई त्याचं नाव लिवू का? तो बी कुठी तरी असंलच ना."

"टक्कल तं आपल्या सरचंच हाय," मघाची म्हातारी म्हणाली. "मुख्याध्यापक मासा लिव्ह."

या वेळी हसू थांबलं नाही. खिडकीच्या आतून पोरंही हसली, न कळता. सरांनी डोक्यावरून हात फिरवला, त्यावर आणखी हसले. पण शूटिंगवाला हसला नाही. तो म्हणाला, "नाव बदललं तरी चेहरा तोच राह्यते. चिवर तेच राह्यते. मले हे मंजूर नाई." आणि पुन्हा सगळं ताठ झालं. त्याचं बरोबर होतं.

बायकोने त्याला विचारलं, "भाऊ, चिवराचे पंख केले तं? वस्त्र नाईच ठेवत. तोंडाले खवले, डोये बाजूले. मासाच करतो. तुमी पाहा अन् नाई पटलं तं म्याच चुना लावतो, सगळ्या भितीले. पैसे मांगत नाई."

त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली.

पण राखाडी रंग नव्हता. पांढरा होता, काळा अक्षरांच्या छायेत संपला होता. वडनेरला जावं लागणार होतं आणि मी निघालो तर घोडी कोण धरणार? काका म्हणाले, "मी जातो. कोणता पाह्यजे ते सांगा, मले रंगातलं काई कळत नाई." ते स्कूटर घेऊन गेले. ते येईपर्यंत कुणी घरी गेलं नाही. बायकोने तोवर शब्द पुसला. भिक्षू हा शब्द तिने फडक्याने फासला नाही, पांढऱ्या रंगाने एकेक अक्षर हळू झाकलं. पांढऱ्या साडीतल्या बायांनी ते पाहिलं.

मग राखाडी. खांद्यावरून उतरणाऱ्या चुण्या तशाच ठेवून तिने त्यांच्या कडा टोकदार केल्या, मधे काटे ओढले आणि वस्त्राचे पंख झाले. गालावर खवले चढले. डोळे बाजूला सरकले, तसा चेहरा कुणाचाच राहिला नाही. चकोट डोकं फक्त एक गोल डोकं झालं. सगळ्यांत कठीण तोंड होतं. ती दोनदा उतरून त्या म्हातारीच्या शेजारी उभी राहून पाहून आली. तिसऱ्यांदा म्हातारी म्हणाली, "आता मासाच हाय."

शूटिंगवाला तरुण पूर्ण वेळ शूट करत होता. मी त्याला थांबवलं नाही. त्यानेच नंतर या दुरुस्तीचा दुसरा व्हिडिओ टाकला. पहिला जितका फिरला तितका तो फिरला नाही, हेही लिहून ठेवतो.

खाली काय लिहायचं यावर शेवटी तिनेच तोडगा काढला. पेपरात बेवारस प्रेतांबद्दल पोलिसांची निवेदनं येतात, ती आमच्याकडे रोज वाचली जातात. ती म्हणाली, "यायले अजून समजलंच नाई ना काय होतं ते? तं तसंच लिवतो."

आणि तिने लिहिलं: ओळख न पटलेला मासा.

काकांनी मोठ्याने वाचलं. "हे बराबर," ते म्हणाले. "खोटं कोणाचंच नाई."

सर पुढे आले आणि त्यांनी काकांना हात जोडले. काकांनीही जोडले. वर्गांच्या कड्या निघाल्या.

पैशांचं असं झालं. समितीने पंधरा हजारांचा चेक दिला, बायकोच्या नावाने. उरलेले तीन हजार चारशे अनुदान आल्यावर, असं अध्यक्ष म्हणाले. ते अनुदान आलं नाही. मार्चमध्ये सर वर्ध्याला घरी आले आणि तेवढे रोख तिच्या हातात देऊन गेले, चहा न घेता. कारंज्याची आणि हिंगणघाटची भिंत परत मिळाली नाही.

राहिला राखाडी रंग, बिल तीनशे दहा. त्या दिवशी निघताना बायकोने काकांना पाचशेची नोट दिली. काका घेत नव्हते, मग घेतली. खिसे चाचपून त्यांनी एकशे ऐंशी परत केले, आणि कंडक्टर तिकिटामागे लिहितात तसं बिलाच्या मागे पेनने लिहिलं: बाकी १०.

"सुटे नाई," ते म्हणाले. "पुढल्या वेळी येशीन तवा घेजो."

म्हणजे काकांना दिले तीनशे वीस. दहा त्यांच्याकडे आहेत.